हेलिकॉप्टरचे उड्डाण आणि अवतरण : सिम्युलेटरवरील अध्ययनाची प्रक्रिया व मर्यादा

बीजसंज्ञा : हेलिकॉप्टर, सिम्युलेटर, अधांतरी स्थैर्य, कौशल्य-संक्रमण, मुंबई हाय

प्रास्ताविक

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. त्याचा शोध १९७४ साली लागला. त्यानंतर दोन वर्षांनी, म्हणजे १९७६ मध्ये, याच समुद्रात एक मोठे वायुक्षेत्र सापडले व त्यास ‘बसीन’ हे नाव देण्यात आले. बसीन म्हणजे आपली वसई. अशा रीतीने वसईचे जुने नाव आज समुद्रातील पोलादी फलाटांवर वावरत आहे. या फलाटांवर काम करणारे अभियंते, तंत्रज्ञ आणि कामगार यांची ने-आण मुख्यत्वे जुहू विमानतळावरून हेलिकॉप्टरने होते. १९२८ पासून वापरात असलेला जुहू हा देशातील पहिला नागरी विमानतळ होय. १९८५ साली स्थापन झालेल्या पवनहंस या संस्थेच्या कार्याचा मोठा भाग याच वाहतुकीशी निगडित राहिलेला आहे.

ही वाहतूक नित्याची असली तरी ती निर्धोक नाही. ४ नोव्हेंबर २०१५ रोजी मुंबई हाय परिसरात रात्रीच्या अवतरणाच्या सरावावर असलेले पवनहंसचे डॉफिन हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले व त्यातील दोन्ही वैमानिकांना प्राण गमवावे लागले. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून मुंबई हायकडे निघालेल्या हेलिकॉप्टरच्या अपघातात दोन वैमानिक व तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाचे पाच अधिकारी अशा सातही जणांचा अंत झाला. २८ जून २०२२ रोजी ‘सागर किरण’ या रिगजवळ आणखी एक हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. त्यातील नऊपैकी चार जण दगावले.

या तीन घटनांची कारणे एकच होती असे मानण्याचे कारण नाही. मात्र पहिल्या घटनेतून एक शैक्षणिक प्रश्न निश्चितपणे पुढे येतो. तो अपघात प्रवासी नेताना नव्हे, तर सराव करताना घडला. जे कौशल्य शिकतानाच प्राणांवर बेतू शकते, ते शिकवावे कसे, हा तो प्रश्न होय. यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे उड्डाण-सदृशक, अर्थात सिम्युलेटर, हे त्याचे एक उत्तर आहे. हेलिकॉप्टर जमिनीवरून उचलणे व पुन्हा जमिनीवर टेकवणे या दोन क्रिया सिम्युलेटरवर कशा शिकल्या जातात, त्यांतील किती भाग प्रत्यक्षात उपयोगी पडतो आणि किती पडत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. अडचण नेमकी कोठे आहे?

विमानाला पुढे जाण्याच्या वेगामुळे पंखांवर उचल मिळते. हेलिकॉप्टरमध्ये पंखच फिरत असल्याने यंत्र जागच्या जागी असतानाही उचल निर्माण होते. वैमानिकाच्या हातापायांशी तीन नियंत्रणे असतात. डाव्या हाताशी असलेला ‘कलेक्टिव्ह’ हा दांडा वर ओढला की मुख्य रोटरच्या सर्व पात्यांचा कोन एकाच वेळी वाढतो व एकूण उचल वाढते. उजव्या हातातील ‘सायक्लिक’ हा दांडा ज्या दिशेला कलवावा त्या दिशेला रोटरचे फिरते चक्र झुकते व यंत्र तिकडे सरकते. दोन्ही पायांखालील पेडल शेपटीच्या लहान रोटरचा जोर बदलतात व त्यामुळे नाकाची दिशा ठरते.

शेपटीच्या रोटरची गरज न्यूटनच्या तिसऱ्या नियमातून निर्माण होते. इंजिन मुख्य रोटरला एका दिशेने फिरवते, तेव्हा हेलिकॉप्टरचा सांगाडा विरुद्ध दिशेने फिरू पाहतो. त्याला आवर घालण्याचे काम शेपटीचा रोटर करतो. येथेच गुंतागुंतीस प्रारंभ होतो. कलेक्टिव्ह वर ओढला की उचल वाढते, पण त्याबरोबर इंजिनचा जोर व सांगाड्यावरील प्रतिक्रियाही वाढते आणि नाक वळू लागते. ते सावरण्यासाठी पेडल दाबावे, तर शेपटीच्या रोटरचा वाढलेला जोर संपूर्ण यंत्राला बाजूला ढकलतो. ते रोखण्यासाठी सायक्लिक कलवावा, तर रोटरचे चक्र झुकल्यामुळे उचलीचा ऊर्ध्व भाग किंचित घटतो व यंत्र खाली बसू लागते. म्हणजे पुन्हा कलेक्टिव्ह आलाच. कोणतीही एक हालचाल उर्वरित दोन हालचालींची मागणी करते.

त्यात भर पडते ती विलंबाची. नियंत्रण हलविल्यानंतर परिणाम दिसण्यास क्षणभराचा अवधी लागतो. परिणाम दिसला नाही म्हणून नवशिका आणखी जोर लावतो आणि तेवढ्यात पहिल्या व दुसऱ्या हालचालीचा परिणाम एकत्रित येऊन आदळतो. मग उलट दिशेने तितकीच मोठी दुरुस्ती केली जाते आणि यंत्र लंबकासारखे झुलू लागते. तळहातावर काठी उभी धरण्याचा खेळ ज्यांनी खेळला आहे, त्यांना ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही. काठी कलल्यावर हात हलविणारा हरतो, कलू लागताच हलविणारा जिंकतो.

रोटर कोणत्या दिशेने फिरतो हेही महत्त्वाचे ठरते. वरून पाहिले असता अमेरिकन बनावटीच्या बेल हेलिकॉप्टरांचा रोटर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, त्यामुळे जोर वाढवताना डावे पेडल दाबावे लागते. डॉफिन, तसेच आपल्या सैन्यदलांतील चेतक, ही फ्रेंच घराण्याची हेलिकॉप्टरे असल्याने त्यांचा रोटर काट्यांच्या दिशेने फिरतो व तेथे उजव्या पेडलची गरज भासते. एका यंत्रावर पायात मुरलेली सवय दुसऱ्या यंत्रावर घातक ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

२. सिम्युलेटरचे स्वरूप

जमिनीवर बसून उड्डाण शिकवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील एडविन लिंक यांनी १९२९ साली आपल्या वडिलांच्या पियानो व ऑर्गनच्या कारखान्यातील भात्यांचे तंत्र वापरून हलणारी एक लाकडी पेटी तयार केली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हजारो वैमानिकांनी या ‘लिंक ट्रेनर’वर केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचा सराव केला. पुढे १९६५ मध्ये स्ट्युअर्ट यांनी सहा पायांवर उभ्या असलेल्या हलत्या मंचाची रचना मांडली. पुढे-मागे, डावी-उजवी, वर-खाली या तीन सरळ हालचाली आणि तीन अक्षांभोवतीची वळणे असे सहाही प्रकार त्यातून साधता येतात. आजचे पूर्ण क्षमतेचे सिम्युलेटर याच तत्त्वावर उभे आहेत. त्यांच्या प्रमाणित श्रेणींत ‘डी’ ही सर्वोच्च श्रेणी मानली जाते. नियंत्रण हलविल्यापासून चित्र व मंच यांचा प्रतिसाद येईपर्यंतचा जादा विलंब १०० ते १५० मिलिसेकंदांच्या आत राखावा, असा दंडक वरच्या श्रेणींना लागू असतो. विलंबाविषयी वर जे सांगितले, ते ध्यानात घेता या दंडकाचे महत्त्व सहज पटावे.

भारतात हिंदुस्तान एरोनॉटिक्स आणि कॅनडाची सीएई यांच्या समान भागीदारीतून बेंगळुरू येथे ‘हॅट्सऑफ’ ही हेलिकॉप्टर सिम्युलेटर संस्था २०१० मध्ये कार्यरत झाली. एकाच हलत्या मंचावर डॉफिन, ध्रुव, बेल ४१२ अशा निरनिराळ्या हेलिकॉप्टरांची कॉकपिट आलटून पालटून बसविण्याची सोय हे तिचे वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर नाशिक येथे २००३ पासून लष्कराची कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल ही संस्था आहे. लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक कॅप्टन अभिलाषा बराक यांनी मे २०२२ मध्ये येथूनच प्रशिक्षण पूर्ण केले.

याच्या दुसऱ्या टोकास घरगुती संगणकावरील सिम्युलेटर येतात. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या १९९८ च्या आवृत्तीत बेल २०६ हेलिकॉप्टर समाविष्ट झाले. त्याच मालिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये बेल ४०७ व फ्रेंच काब्री जी-२ ही हेलिकॉप्टरे आली. फ्लाइटगिअर हा मुक्त प्रणालीवर आधारित सिम्युलेटर विनामूल्य उपलब्ध असून त्यातही हेलिकॉप्टर उडविता येते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातील साधन हेच आहे.

३. अध्ययनाचा क्रम

नवशिक्याची पहिली इच्छा यंत्र जमिनीवरून उचलण्याची असते, परंतु शिक्षणाचा क्रम तेथून सुरू होत नाही. प्रथम हवेत, पुरेशा उंचीवर, मध्यम वेगाने सरळ जाणाऱ्या हेलिकॉप्टरची नियंत्रणे विद्यार्थ्याच्या हाती दिली जातात. वेगामुळे शेपटीवरील स्थिर पृष्ठे कार्य करू लागतात व यंत्र बरेचसे विमानासारखे वागते. नाकाची क्षितिजाशी असलेली स्थिती आणि वेग यांचा संबंध येथे अंगवळणी पडतो.

दुसऱ्या टप्प्यात अधांतरी स्थिर राहण्याचा सराव येतो, तोही तुकड्यातुकड्यांनी. प्रशिक्षक दोन नियंत्रणे स्वतःकडे ठेवतो व विद्यार्थ्यास केवळ पेडल देतो. नाक एका दिशेला रोखून धरणे एवढेच काम. ते साधले की केवळ कलेक्टिव्ह, म्हणजे उंची राखणे. शेवटी सायक्लिक. तिन्ही स्वतंत्रपणे जमल्यावर दोन-दोन आणि मग तिन्ही एकत्र. अध्यापनशास्त्रात ज्यास अंश-कार्य पद्धती म्हणतात तिचे हे शुद्ध उदाहरण आहे. सिम्युलेटरवर उरलेली नियंत्रणे संगणकाकडे सोपविता येतात, ही तेथील विशेष सोय होय.

या टप्प्यावर दृष्टी कोठे ठेवावी हा प्रश्न निर्णायक ठरतो. नवशिका यंत्राच्या पुढ्यातील जमिनीकडे टक लावतो. तेथे प्रत्येक लहान हालचाल मोठी भासते व दुरुस्तीही मोठीच केली जाते. अनुभवी वैमानिक दूरच्या क्षितिजाकडे पाहतो आणि जवळच्या खुणा केवळ डोळ्याच्या कडेने टिपतो.

४. उड्डाण

प्रत्यक्ष उड्डाणात कलेक्टिव्ह अत्यंत सावकाश वर घेतला जातो. यंत्राचे वजन रोटर पेलू लागतो, परंतु ते अद्याप जमिनीस टेकलेलेच असते. या हलकेपणाच्या क्षणी नाक कोणत्या बाजूस वळू पाहते व यंत्र कोठे सरकू पाहते हे ओळखून पेडल व सायक्लिक आधीच जुळवून घ्यावे लागतात. बहुधा एक पाय दुसऱ्याच्या आधी सुटतो. जमिनीवरचा पाय अडकला व यंत्र त्याभोवती कलू लागले, तर एका मर्यादेपलीकडे सायक्लिकने ते सावरता येत नाही आणि यंत्र उलटते. अशा वेळी उपाय एकच असतो. कलेक्टिव्ह हलकेच खाली करावा. घाबरून तो वर ओढणे म्हणजे उलटण्याच्या क्रियेस बळ देणे होय.

जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर यंत्र स्थिर केले जाते. या उंचीवर रोटरखालील हवेचा झोत जमिनीमुळे अडतो व कमी शक्तीत अधिक उचल मिळते. भूमीचा हा परिणाम रोटरच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंत जाणवतो. चेतकचा रोटर सुमारे ११ मीटर व्यासाचा आहे, यावरून त्या मर्यादेची कल्पना यावी. येथून सायक्लिक किंचित पुढे केला की हेलिकॉप्टर पुढे सरकते, क्षणभर खाली बसल्यासारखे होते आणि मग १६ ते २४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ३० ते ४५ किलोमीटर वेगाला, रोटर स्वतःच ढवळलेली हवा मागे टाकून स्वच्छ हवेत शिरतो. उचल एकाएकी वाढते व नाक वर उठू पाहते. ते दाबून धरून वेग वाढवीत नेणे व नंतर चढणे हा योग्य क्रम होय.

हेलिकॉप्टर सरळ वर जाऊ शकते, तर ते तसे का नेत नाहीत? कमी उंची व कमी वेग यांच्या विशिष्ट संयोगात इंजिन बंद पडल्यास सुरक्षित उतरण्यास अवसर उरत नाही. पुरेसा वेग अथवा उंची असेल, तर खालून येणाऱ्या हवेने रोटर फिरता राहतो व त्या साठविलेल्या ऊर्जेवर यंत्र टेकविता येते. प्रत्येक हेलिकॉप्टरच्या माहितीपुस्तिकेत या धोक्याच्या क्षेत्राचा आलेख दिलेला असतो. उड्डाणाचा मार्ग तो टाळून आखला जातो.

५. अवतरण

अवतरण हे उड्डाणापेक्षा अवघड मानले जाते, कारण येथे वेग, उंची आणि अंतर ही तिन्ही एकाच बिंदूशी शून्यावर आणावयाची असतात. वसई-भाईंदर दरम्यान २०२४ पासून चालणाऱ्या रो-रो बोटीचा चालक धक्का बराच दूर असतानाच वेग कमी करू लागतो, कारण पाण्यावर ब्रेक नसतो. हवेतही तो नसतो. वेग घटवण्यासाठी नाक उचलावे लागते, पण नाक उचलल्याने उंची वाढू पाहते, म्हणून कलेक्टिव्ह खाली करावा लागतो. वेग घटून स्वच्छ हवेचा लाभ सरला की मात्र तोच कलेक्टिव्ह पुन्हा बराच वर घ्यावा लागतो. शेवटच्या काही सेकंदांत होणारा हा उलटफेर नवशिक्यास हमखास चकवितो.

येथील मोठा धोका म्हणजे स्वतःच्याच झोतात सापडणे. पुढील वेग जवळजवळ नसताना मिनिटास ३०० फुटांपेक्षा अधिक गतीने, रोटरला जोर देत खाली येत राहिल्यास खाली ढकललेली हवा पात्यांच्या टोकांभोवती वळसा घालून पुन्हा वरून रोटरमध्ये शिरते. यंत्र वेगाने खाली कोसळू लागते. सहजप्रवृत्ती कलेक्टिव्ह वर ओढण्यास सांगते, त्यामुळे भोवरा अधिकच बळावतो. प्रचलित उपाय म्हणजे सायक्लिक पुढे करून त्या हवेतून बाहेर पडणे. उंची पुरेशी असेल तरच तो साधतो. सहजप्रवृत्तीच्या विरुद्ध वागण्याची सवय लावणे हे सिम्युलेटरचे सर्वांत मोलाचे काम आहे, कारण प्रत्यक्षात हा धडा जमिनीलगत देणे शक्य नाही.

समुद्रातील फलाटावर उतरताना आणखी अडचणी येतात. फलाटाची कड ओलांडताच भूमीचा परिणाम एकदम लाभतो आणि उड्डाण करताना तो तितक्याच एकदम नाहीसा होतो. उंच सांगाड्यांमुळे वारा फाटतो. रात्री काळ्या पाण्यात दिव्यांचे एकच बेट दिसते. क्षितिज नसते, आजूबाजूस कोणतीही खूण नसते. अशा स्थितीत उंची व अंतर यांचा डोळ्याने घेतलेला अंदाज फसतो आणि कानातील तोलाची संवेदनाही दिशाभूल करते. वारा, धुके, अंधार व इंजिनातील बिघाड यांचे हवे ते मिश्रण सिम्युलेटरवर तयार करता येते, थांबविता येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते.

६. कौशल्याचे संक्रमण आणि त्याच्या मर्यादा

सिम्युलेटरवर मिळविलेले कौशल्य प्रत्यक्षात किती उतरते, हे मोजण्याची पद्धत स्टॅन्ली रॉस्को यांनी १९७१ मध्ये मांडली. समजा, सिम्युलेटरवरील १० तासांमुळे प्रत्यक्ष उड्डाणाचे ५ तास वाचले, तर संक्रमणाचे गुणोत्तर ०.५ झाले. रॉस्को यांच्या प्रतिपादनातील मर्म पुढे आहे. सिम्युलेटरवरील प्रत्येक वाढीव तासागणिक होणारी बचत घटत जाते. पहिले तास फार उपयोगी, नंतरचे कमी, आणि एका टप्प्यानंतर प्रत्यक्ष यंत्राला पर्याय नाही.

घरगुती सिम्युलेटरच्या मर्यादा अधिक स्पष्ट आहेत. सपाट पडद्यावर खोली जाणवत नाही व डोळ्याच्या कडेने दिसणारे दृश्य कापले जाते. त्यामुळे अधांतरी स्थिर राहणे तेथे अनेकदा प्रत्यक्षापेक्षाही कठीण वाटते. बाजारातील जॉयस्टिकला मध्यावर आणणारी स्प्रिंग असते, तर हेलिकॉप्टरचा सायक्लिक ठेवावा तेथे राहील अशी रचना पुष्कळदा असते. शरीराला हेलकावा जाणवत नसल्याने विद्यार्थी केवळ डोळ्यांवर विसंबतो. या सर्वांहून खोल मर्यादा आहे ती परिणामशून्यतेची. पडद्यावरील अपघातानंतर एक कळ दाबली की यंत्र पुन्हा धावपट्टीवर उभे राहते. त्यामुळे धोका पत्करण्याची सवय जडू शकते. म्हणूनच व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकाची उपस्थिती, सरावापूर्वीची चर्चा व नंतरचे परीक्षण यांना यंत्राइतकेच महत्त्व दिले जाते.

७. महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग

घरगुती सिम्युलेटरने कोणी वैमानिक होत नाही. तथापि भौतिकशास्त्र, मानसशास्त्र व संगणकशास्त्र यांच्या सीमेवरील प्रात्यक्षिक म्हणून त्याचे मूल्य मोठे आहे. विद्यार्थ्यांना जुहूहून निघून उत्तरेस सरळ रेषेत सुमारे २५ किलोमीटरवर असलेल्या वसई किल्ल्याच्या परिसरात उतरण्याचे काम देता येईल. तत्पूर्वी एका चौकोनात अर्धा मिनिट स्थिर राहण्याचा सराव घेऊन प्रत्येक प्रयत्नाची नोंद ठेवावी. एका गटाने सुरुवातीपासून तिन्ही नियंत्रणे हाताळावीत, दुसऱ्याने एकेक नियंत्रण शिकत जावे. दोन्ही गटांच्या प्रगतीचे आलेख शेजारी ठेवले, तर अध्ययन-वक्र, अंश-कार्य पद्धती आणि विलंबित प्रतिसाद या पुस्तकी संकल्पना विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या आकड्यांतून उलगडतील. उजव्या व डाव्या पेडलच्या हेलिकॉप्टरांची अदलाबदल करून जुन्या सवयीचा अडथळाही मोजता येईल.

समारोप

हेलिकॉप्टर उचलणे व टेकवणे हे मूलतः लहान हालचालींचे, आधीच ओळखण्याचे आणि सहजप्रवृत्तीस आवर घालण्याचे शिक्षण आहे. सिम्युलेटर हे शिक्षण सुरक्षित करतो व तुकड्यांत विभागतो. प्रत्यक्षात ज्याची परीक्षा एकदाच घेता येते असे प्रसंग तो वारंवार घडवून आणतो. तरीही त्याचे मोजमाप त्यावर घालविलेल्या तासांनी नव्हे, तर प्रत्यक्षात किती उतरले यानेच व्हावयास हवे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात पालघरच्या किनाऱ्याजवळ भरकटलेल्या ‘गाल कन्स्ट्रक्टर’ या बार्जवरील १३७ जणांच्या सुटकेत तटरक्षक दलाच्या चेतक हेलिकॉप्टरांचाही वाटा होता. वादळी वाऱ्यात हेलकावणाऱ्या बार्जच्या वर यंत्र स्थिर धरणाऱ्या वैमानिकास पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची सोय नव्हती. त्याच्या हातापायांत जे मुरले होते तेवढेच त्याच्या कामी आले. प्रशिक्षणाची साधने निवडताना, त्यांवर खर्च करताना आणि त्यांच्या यशाचे दावे तपासताना हीच कसोटी लावणे उचित ठरेल.